पोटातल्या कानापासून दहावीच्या झोपेपर्यंत

या खेपेच्या टपालात मुलांविषयीचे प्रश्न इतके होते की बाकीचे पुढच्या अंकावर ढकलले. पत्रं मुलांच्या वयाच्या क्रमाने लावली आहेत, मध्ये फक्त एक आठवण सत्तरीतल्या वाचकाची. सर्वांत धाकटं मूल अजून जन्मायचं आहे, सर्वांत थोरलं यंदा दहावीला बसलंय.

प्रश्न : मला सातवा महिना लागलाय. सासूबाई रोज रामरक्षा लावतात, मैत्रिणीने पोटावर बांधायचे हेडफोन पाठवलेत आणि नवरा म्हणतो, सगळं थोतांड आहे. अभिमन्यूची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली. पोटातलं बाळ खरंच ऐकतं का? आणि ऐकून शिकतं का? (कोल्हापूर)

ऐकतं. शिकतंही. पण काय शिकतं ते सांगितलं तर सासूबाई आणि नवरा दोघंही थोडे खट्टू होतील.

कानाचा आतला भाग साधारण सहाव्या महिन्यात काम करू लागतो. म्हणजे तुमच्या डोहाळजेवणाला बायकांचा जो गलका होईल तो बाळाच्या कानावर पडणार. पडणार, पण गाळून. पोटाची भिंत आणि गर्भजल यांतून खालच्या पट्टीतले आवाज बरेचसे पार होतात, वरच्या पट्टीतले बारीक आवाज वाटेतच विरतात. बंद दाराआड कोणी बोलत असलं की कोण बोलतंय, रागावलंय की हसतंय एवढं कळतं, शब्द मात्र लागत नाहीत, तसंच काहीसं. आईचा आवाज त्यातल्या त्यात ठळक, कारण तो बाहेरून येतो तसा तिच्या हाडांतूनही आत पोचतो.

हे कळलं कसं? नवजात बाळाला विचारणार काय आणि ते सांगणार काय! अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या दोघांनी 1980 मध्ये युक्ती काढली. बाळ चोखताना मध्येमध्ये थांबतं हे प्रत्येक आईला ठाऊक असतं. त्यांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या कानाला हेडफोन लावले, तोंडात दूध न येणारी चोखणी दिली आणि चोखणी यंत्राला जोडली. आधी प्रत्येक बाळ एरवी किती वेळ थांबतं ते मोजून घेतलं. मग खेळाचा नियम ठरवला: नेहमीपेक्षा जास्त थांबलं तर आईचा आवाज ऐकू येणार, कमी थांबलं तर दुसऱ्या बाईचा. निम्म्या बाळांना नियम उलटा. थोड्या वेळात बहुतेक बाळांनी चोखण्याची लय बदलली, आईचा आवाज मिळेल अशी. जन्मून तीन दिवसही न झालेला जीव यंत्र चालवायला शिकला, ते आईच्या आवाजासाठी. (पुढे वडिलांच्या आवाजाचीही चाचणी झाली. दोन पुरुषांचे आवाज बाळांना वेगवेगळे ओळखता येत होते, पण वडिलांकडे ओढा काही दिसला नाही. होणाऱ्या बाबांनी मनाला लावून घेऊ नये.)

खरी गंमत 1986 च्या प्रयोगात आहे. डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी गरोदर बायकांना शेवटचे सहा आठवडे दिवसातून दोनदा एकच ठरलेली बालगोष्ट मोठ्याने वाचायला सांगितली. जन्मानंतर तोच चोखणीचा खेळ. बाळांनी अनोळखी गोष्टीपेक्षा ती ऐकलेली गोष्ट निवडली, आणि वाचणारी बाई परकी असली तरी निवडली. म्हणजे त्यांनी नुसता आवाज नाही, त्या वाक्यांची चाल ओळखली होती.

चाल ओळखतात आणि उचलतातही. 2009 मध्ये जर्मन आणि फ्रेंच बाळांचं पहिल्या पाच दिवसांतलं रडणं ध्वनिमुद्रित करून पाहिलं, तर फ्रेंच बाळांचा सूर बहुधा खालून वर चढत होता आणि जर्मन बाळांचा वरून खाली उतरत होता. त्या दोन भाषांच्या बोलण्याचा हेलही तसाच आहे. कोल्हापूरचं बाळ कोल्हापुरी हेलात रडतं का, हे कोणीतरी तपासायला हवं.

तेव्हा रामरक्षा सासूबाईंनी लावावी, हरकत काहीच नाही. मोबाइलवर लावण्यापेक्षा तुम्ही स्वतः म्हटलीत तर बाळाला ती जास्त पोचेल आणि जन्मल्यावर तिच्या चालीने ते शांत होण्याची शक्यताही आहे. मात्र रोज त्याच सुरात वाणसामानाची यादी वाचलीत तरी बाळ ती तितक्याच आवडीने ओळखेल. अर्थ आत जात नाही. व्यूह, शस्त्रं, गणित, संस्कृत, यांतलं काहीही नाही.

अभिमन्यूचं म्हणाल, तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1966 मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहा. तिथे द्रोणपर्वात अभिमन्यू एवढंच सांगतो, की व्यूह फोडून आत शिरायला वडिलांनी शिकवलं आहे, बाहेर पडायला नाही. सुभद्रेच्या पोटात ऐकल्याची आणि तिला मध्येच झोप लागल्याची गोष्ट नंतरची, कथेकऱ्यांच्या तोंडची. गोष्ट झकास आहे यात वाद नाही. फक्त तिच्या भरवशावर शिकवणी लावू नका.

हेडफोन मैत्रिणीला परत करा. पोटाला चिकटवून आवाज सोडला की तो आत किती मोठा होतोय हे आपल्याला कळत नाही, आणि बाळाला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. त्या हेडफोनच्या खोक्यावर मोझार्टचं चित्र असेल तर त्याचीही हकिकत ऐका. 1993 मध्ये 36 कॉलेजकुमारांना मोझार्टचा एक सोनाटा दहा मिनिटं ऐकवला, तर आकृत्यांच्या कोड्यांत त्यांची कामगिरी पाव तासभर थोडी सुधारली. बस्स. बाळांचा त्यात संबंधच नव्हता. तरी 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची तबकडी द्यायला सरकारी पैसा मागितला. थोतांडाला राजाश्रय सगळीकडेच मिळतो.

कानापेक्षा जिभेकडे मात्र आपलं लक्ष कमी असतं. आई जे खाते त्याचा स्वाद गर्भजलात उतरतो, आणि बाळ ते गिळत असतं. फिलाडेल्फियात जूली मेनेला यांनी काही बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत गाजराचा रस प्यायला दिला, काहींना पाणी. पुढे बाळांना वरचं अन्न सुरू झाल्यावर गाजराच्या स्वादाची पेज भरवली, तेव्हा रस प्यालेल्या आयांच्या बाळांनी तोंडं कमी वाकडी केली. मेथी आणि कारलं खाणारं मूल हवं असेल तर आत्ता तुम्ही ती खा.

आता 'संस्कार' म्हणून विचारलंत तर माझी यादी रुक्ष आहे: लोहाच्या गोळ्या, आयोडीनयुक्त मीठ, पोटभर जेवण, झोप. आपल्या देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या रक्तात लोह कमी असतं, आणि बाळाच्या मेंदूची बांधणी लोह-आयोडीनवर चालते. फॉलिक अ‍ॅसिड तर दिवस राहण्याच्या आधीपासून लागतं, कारण ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतो ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, तेव्हा पुष्कळ जणींना दिवस राहिल्याचा पत्ताही नसतो. आणि घरात कोणी मशेरी लावत असेल, तुम्हीही 'दात शिवशिवतात' म्हणून लावत असाल, तर ती आजच्या आज बंद. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती लावणाऱ्या आयांची बाळं वजनाने कमी भरतात, हे महाराष्ट्रातच पाहिलं गेलं आहे. रामरक्षा लावणाऱ्या किती घरांत न्हाणीच्या कोनाड्यात मशेरीची डबी असते, हे मी सांगायला नको.

प्रश्न : मुलगा-सून कॅनडात असतात. धाकटा नातू दहा महिन्यांचा, थोरली नात सहा वर्षांची. ती 'बाळ'ला 'बाल' आणि 'पाणी'ला 'पानी' म्हणते. धाकट्याचं तसं होऊ नये म्हणून मी रोज व्हिडिओ कॉलवर त्याला बडबडगीतं म्हणून दाखवते. सून म्हणते, इतक्या लहान मुलाला स्क्रीन नको. कोणाचं खरं? (नाशिक)

आधी तुमच्या नातीच्या जिभेवरचा आळ काढून टाकू. दोष असलाच तर कानाचा आहे, आणि तोही दोष नाही.

कॅनडातच जॅनेट वर्कर यांनी 1984 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो आपल्या 'ट' आणि 'त' वर. इंग्रजीत ना धड आपला ट आहे ना धड आपला त. त्यांचा ध्वनी दोहोंच्या मधला, म्हणून मोठ्या इंग्रजीभाषकाला हे दोन एकच वाटतात. प्रश्न असा होता, की हे बहिरेपण जन्मजात असतं की नंतर येतं? बाळाला आईच्या मांडीवर बसवलं. समोर एक बाई खेळणी हलवून त्याला रमवतेय. स्पीकरवर एकसारखं 'टा, टा, टा' चाललंय आणि मध्येच त्याचं 'ता, ता' होतं. नेमकं तेव्हा बाळाने मान वळवली तर बाजूच्या काळ्या पेटीत दिवा लागतो आणि आतलं खेळण्यातलं जनावर हलायला लागतं. उगाच वळवली तर पेटी अंधारीच. आईने नकळत खूण करू नये म्हणून तिच्या कानांवर गाणी लावलेली. इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं टा-ता बदलला की बिनचूक मान वळवत होती, आपल्याकडच्या बाळांसारखी. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र थोड्यांनाच ते जमलं. हिंदी घरांतली बाळं वर्षाची झाली तरी हा फरक ओळखत होती.

म्हणजे जन्माला येताना कान जगातल्या सगळ्या भाषांना मोकळा असतो. पहिल्या वर्षाच्या शेवटाकडे तो आजूबाजूला जे सतत ऐकू येतं तेवढं राखतो आणि बाकीच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. ही हानी नाही, काटकसर आहे. तिच्यामुळेच घरची भाषा भराभर येते. ण-न, ळ-ल यांचीही गत तीच.

तुमचा नातू नेमका त्या उंबरठ्यावर आहे, म्हणून तुमची घाई मला समजते. पण आता सूनबाईंची बाजू. सिॲटलमध्ये पॅट्रिशिया कुल यांनी 2003 मध्ये इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. एका गटासमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, पुस्तकं दाखवली, खेळली; महिनाभरात 12 बैठका, प्रत्येक 25 मिनिटांची. दुसऱ्या गटाने त्याच माणसांच्या तशाच बैठका पडद्यावर पाहिल्या. तिसऱ्याने नुसत्या ऐकल्या. पहिला गट चिनी ध्वनी तैवानमधल्या बाळांइतके चांगले ओळखू लागला. पाच तासांत! पडद्यावर पाहणाऱ्यांना आणि नुसत्या ऐकणाऱ्यांना काहीसुद्धा आलं नाही.

यूट्यूबवरची मराठी बडबडगीतं लावून बाळाला समोर बसवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पण तुम्ही यूट्यूब नाही. व्हिडिओ कॉलवरची आजी बाळ हसलं तर हसते, त्याने जीभ काढली तर जीभ काढते. दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर 2014 मध्ये झालेल्या प्रयोगात हाच फरक दिसला: आधी चित्रित केलेल्या बाईकडून मुलं नवे शब्द शिकली नाहीत, व्हिडिओ कॉलवर त्यांना उत्तर देणाऱ्या बाईकडून शिकली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दीड वर्षाच्या आतल्या मुलांना स्क्रीन नको म्हणते, त्यातही व्हिडिओ कॉलला सूट देते ती यामुळेच. हे वाक्य सूनबाईंना जरूर वाचून दाखवा, मात्र जिंकल्याच्या आवाजात नको.

फक्त गीतं 'म्हणून दाखवणं' कमी करा. एक ओळ म्हणा आणि थांबा, त्याची काहीतरी हालचाल होऊ द्या, मग पुढची. बाळ कोणाच्या तरी मांडीवर असू द्या आणि तुम्ही टाळी वाजवलीत की तिकडे मुलाने किंवा सुनेने त्याचे हात धरून वाजवावी. पदराआड तोंड लपवून बुवा-कुक करा. डोळ्यांआड गेलेलं माणूस असतंच कुठेतरी, हे त्याला आता नुकतं उमगू लागलंय. या वयात त्या खेळाइतकं हसू दुसऱ्या कशाला येत नाही आणि तो कॅमेऱ्यातूनही उत्तम चालतो. दहा मिनिटं पुरेत. ते कंटाळलं की फोन बंद.

नातीचं काय? सहाव्या वर्षीही कान पुरता मिटलेला नसतो. तिला 'बाल नाही, बाळ म्हण' असं दहादा टोकू नका, ती मराठी बोलायचीच बंद होईल. तिच्या 'पानी पाहिजे'वर तुम्ही 'पाणी हवं? हे घे पाणी' म्हणा आणि पुढे चला. सुट्टीत ती इथे आली की गल्लीतली पोरं हे काम तुमच्यापेक्षा लवकर करतील. आणि तोवर 'पानी' राहिलं तरी बिघडलं कुठे? वऱ्हाडात 'पानी' आणि 'डोया' म्हणणारी माणसं अस्सल मराठीच बोलतात.

प्रश्न : आमचा चार वर्षांचा मुलगा धडधडीत खोटं बोलायला लागलाय. परवा भिंतीवर स्केचपेनने रेघोट्या मारल्या आणि पेन हातात धरूनच म्हणाला, "मांजराने काढल्या." बायकोला हसू आलं, मला संताप आला. आत्ताच ठोकून काढावं का? (ठाणे)

पेन हातात धरून मांजराचं नाव घेणारा मुलगा अगदीच कच्चा आहे. काळजी करण्याइतकी तयारी अजून झालेली नाही.

खोटं बोलायला जे कळावं लागतं ते तीन वर्षांच्या मुलाला बहुधा कळत नसतं: माझ्या डोक्यात जे आहे ते बाबांच्या डोक्यात असेलच असं नाही. ऑस्ट्रियात विमर आणि पर्नर यांनी 1983 मध्ये मुलांना मॅक्सीची गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. मॅक्सी परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं ठामपणे दुसरं कपाट दाखवतात, कारण चॉकलेट तिथे 'आहे'. मॅक्सीला ते माहीत नाही ही गोष्ट त्यांच्या हिशेबातच नसते. चौथ्या-पाचव्या वर्षी उत्तर बदलतं. घरी करून पाहा, बाहुली आणि दोन डबे पुरतात.

तेव्हा तुमच्या चिरंजीवांना नवा शोध लागलाय, की बाबांच्या डोक्यात काय आहे ते आपल्याला बदलता येईल. प्रयोगात मुलाला 'मागचं खेळणं बघू नकोस हं' सांगून खोलीत एकटं सोडलं तर जवळजवळ सगळी मुलं बघतात, आणि बरीचशी 'नाही बघितलं' म्हणतात. मग विचारावं, 'बरं, काय असेल तिथे?' की खेळण्याचं नाव सांगून मोकळी होतात. पुरावा लपवणं ही पुढची इयत्ता.

ठोकून काढण्याबद्दल. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या लहान मुलांवर हाच खेळ करून पाहिला. एका शाळेत छडी चालत होती, दुसरीत नव्हती. छडीच्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली. वर सफाईनेही बोलली, खेळण्याचं नाव विचारल्यावर भोळा चेहरा करून भलतंच नाव सांगत. मार खाऊन मूल खरं बोलायला शिकत नाही, हात धुऊन यायला शिकतं.

गोष्टी सांगून? तेही तपासलंय. 'लांडगा आला रे आला' ऐकवलेल्या मुलांच्या खोटं बोलण्यात काही फरक पडला नाही. ज्या गोष्टीत मुलगा चूक कबूल करतो आणि वडील त्याला शाबासकी देतात, ती ऐकलेल्यांत जास्त मुलांनी खरं सांगितलं. ती अमेरिकन गोष्ट जॉर्ज वॉशिंग्टनची आहे आणि बहुधा रचलेली आहे. आपल्याकडे तिच्याहून सरस आणि खरी गोष्ट आहे, गांधीजींच्या आत्मचरित्रातली: भावाच्या कड्यातलं सोनं चोरल्याची कबुली पोरसवदा मोहनने चिठ्ठीत लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली, वडिलांनी वाचली, त्यांचे डोळे वाहिले आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. बोलले काहीच नाहीत. चार वर्षांच्या मुलाला सोनं कळणार नाही. पेन आणि भिंत घालून सांगा.

आणि रेघोट्या कोणी काढल्या हे डोळ्यांना दिसत असताना 'कोणी काढल्या?' असं विचारू नका. तो प्रश्नच खोट्याला आमंत्रण देतो. 'भिंत रंगलीय, चल पुसू' म्हणा आणि ओलं फडकं हातात द्या. मांजरालाही एक द्या हवं तर.

प्रश्न : मी सत्तरीत आहे. पाळण्यावर टांगलेला लाकडी पोपट फिरताना मला स्पष्ट आठवतो. घरचे हसतात. शक्य आहे का? (लातूर)

पोपट खरा असेल. आठवण मात्र बहुधा नंतर कोणाच्या तरी सांगण्यातून, फोटोतून तयार झालेली आहे. मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची निघते.

याचा अर्थ बाळाला आठवत नाही असा नाही. कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी तीन महिन्यांच्या बाळांच्या पायाला फीत बांधून ती वर टांगलेल्या खेळण्याला जोडली. पाय झाडला की खेळणं हलतं हे बाळांना चटकन कळलं, आणि आठवड्याने पुन्हा तेच खेळणं दिसल्यावर त्यांनी पाय झाडायला सुरुवात केली, फीत खेळण्याला जोडलेली नसतानासुद्धा. तुम्हालाही तुमचा पोपट त्या वयात आठवत असणार, आठवडाभर. पुढे मेंदूत आठवणी नोंदवणाऱ्या भागात नव्या पेशी इतक्या झपाट्याने भरती होतात की जुन्या नोंदी विस्कटतात, असं निदान उंदरांत तरी दिसलंय.

एक मजेशीर अपवाद: न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या आठवणी सरासरीने त्याहून मागे, पावणेतीन वर्षांच्या आसपास जातात. त्यांच्याकडे घरातल्या घडामोडी मुलांना पुन्हा पुन्हा, तपशिलाने सांगायची रीत आहे. तुमच्या घरी पोपटाची गोष्ट फार वेळा सांगितली गेली असेल का?

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. रात्री एकच्या आत झोपत नाही. सकाळी सातची शाळा, साडेपाचला उठवायला तीन माणसं लागतात. रविवारी बारापर्यंत झोपतो. आम्ही दोघं पहाटे उठून अभ्यास करून शिकलो. हा आळस की मोबाइलचं व्यसन? (चिंचवड)

मोबाइलचा थोडा हात आहे. आळसाचा फारसा नाही. मोठा भाग त्याच्या शरीरातल्या घड्याळाचा आहे, आणि ते तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाला जुमानत नाही.

वयात येताना झोपेची वेळ पुढे सरकते. अंधार पडल्यावर मेंदूत मेलॅटोनिन पाझरायला लागतं आणि झोप येते. किशोरवयात ते पाझरणं लांबतं. शिवाय दिवसभराच्या जागरणाने साठत जाणारा झोपेचा रेटा लहान मुलांत जितक्या लवकर चढतो तितका या वयात चढत नाही. अमेरिकेत मेरी कार्स्काडन यांनी हे वर्षानुवर्षं मोजलंय. मुलांची लाळ घेऊन मेलॅटोनिन पाहायचं, तेही मंद उजेडात, टीव्ही-फोन काढून घेऊन. उशीर तरीही होतोच. माकडांत आणि उंदरांतही वयात येताना असंच सरकणं दिसतं, आणि त्यांच्याकडे मोबाइल नसतात. विशीच्या सुमाराला हे टोक गाठतं, मग घड्याळ हळूहळू मागे यायला लागतं.

या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. तुमचा मुलगा एकला झोपून साडेपाचला उठतो, म्हणजे साडेचार तास. रविवारची बारापर्यंतची झोप ही आठवड्याची थकबाकी आहे. ती व्याजासकट वसूल होत नाही हा भाग वेगळा. आणि 'आम्ही पहाटे उठत होतो' हे खरंच, पण आठवून पाहा, तुम्ही निजत किती वाजता होतात?

यात मला शाळांचा राग येतो. सिॲटलमध्ये 2016 मध्ये माध्यमिक शाळा 7.50 ऐवजी 8.45 ला भरवायला सुरुवात केली, तर मुलं रात्री आणखी उशिरा झोपतील हा सगळ्यांचा अंदाज खोटा ठरला. मुलांची झोप रोज सरासरी 34 मिनिटांनी वाढली. कॅलिफोर्नियात तर 2022 पासून या वयाच्या शाळा साडेआठच्या आत भरवायच्या नाहीत असा कायदाच आहे. आपल्याकडेही 2024 मध्ये शासनाने निर्णय काढला, की सकाळी नऊच्या आधी वर्ग नकोत. पण कोणाचे? चौथीपर्यंतचे! सहा-सात वर्षांची पोरं साडेसहालाच टकटकीत उठून घर डोक्यावर घेतात, ज्यांचं घड्याळ पुढे सरकलंय ती दहावीची मुलं सातच्या प्रार्थनेला उभ्या-उभ्या डुलतात. चिमुकल्यांना नऊची वेळ दिली याबद्दल तक्रार नाही, पण मोठ्यांचा विचार आधी व्हायला हवा होता. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांनी तरी मोठ्या वर्गांना दुपारचं सत्र द्यायला कोणाची हरकत असावी? शिकवण्यांची असेल, त्या दुपारी भरतात.

तोवर घरी करण्यासारखं: उठल्याबरोबर त्याला गॅलरीत किंवा गच्चीवर दहा-पंधरा मिनिटं उजेडात उभं करा, तिथेच चहा-दूध द्या. सकाळचा उजेड घड्याळ मागे ओढतो. रात्री दिवे मंद, फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला, तुमचासुद्धा. आणि एकची झोप एका रात्रीत दहावर आणायला जाऊ नका, नुसतं छताकडे बघत पडेल. दर तीन-चार दिवसांनी पाव तास अलीकडे. रविवारी नऊपर्यंत झोपू द्या, बारापर्यंत नको. शाळेतून आल्यावर अर्धा तास डोळा लागला तर लागू द्या, फक्त संध्याकाळी सहानंतर नको.

त्याला आणखी लवकर, पहाटे चारला उठवून पाठांतर करून घ्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत, आणि पहाटेची झोप तोडून आपण तीच मेहनत वाया घालवतो. बोर्डाचा सकाळच्या सत्रातला पेपर 11 वाजता सुरू होतो. परीक्षेच्या महिनाभर आधीपासून सराव पेपर त्याच वेळेला, टेबलावर घड्याळ लावून सोडवून घ्या, म्हणजे त्या तीन तासांत डोकं जागं असायची सवय लागेल.